‘त्यात काय, कोणीही करेल’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणीसाठी

पत्र :

ताई, मी ३३ वर्षांची आहे, एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आठ वर्षं झाली. अप्रेझलच्या फॉर्ममधे एक चौकट असते, ‘तुमच्या तीन स्ट्रेंग्थ्स लिहा’. दरवर्षी मी ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर’ असं टाकून मोकळी होते. यावेळी टीम लीडची जागा निघालीय आणि या फॉर्मवरूनच पुढचं ठरणार आहे, म्हणून पहिल्यांदा खरंच विचार करून लिहायला बसले तर एक ओळ सुचली नाही. माझ्यासोबतची एक जण मीटिंगमधे काय सुंदर बोलते, पटापट मुद्दे मांडते, आणि मी तोंड उघडलं की आवाज कापतो, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. माझ्यात तसं विशेष काहीच नाही. म्हणजे नवीन जॉइन झालेले सिस्टिम समजून घ्यायला माझ्याच टेबलाशी येतात, कोणाचा कस्टमर फार चिडला असेल तर तो कॉल माझ्याकडे देतात, पण त्यात काय, कोणीही करेल, मी फक्त ऐकून घेते आणि शेवटी त्यांचंच म्हणणं त्यांना एकदा परत सांगते. रिपोर्टचं एक्सेलही मलाच देतात कारण माझी चूक निघत नाही, पण ते काम आलं की जीव नकोसा होतो. मैत्रीण म्हणाली रोज आरशासमोर उभी राहून ‘मी ग्रेट आहे’ म्हण. महिनाभर केलं, उलट जास्तच कसंतरी वाटायला लागलं. फॉर्म भरू की सोडून देऊ? आणि स्वतःची एवढी टिमकी वाजवायची म्हणजे कसंसंच होतं.

उत्तर :

फॉर्म भर. हे आधीच सांगून टाकते म्हणजे बाकीचं वाचताना जिवाला घोर नको.

आता तुझ्या पत्राबद्दल. ‘माझ्यात विशेष काहीच नाही’ या वाक्यानंतर तू जे लिहिलंयस ना, ते जरा तूच परत वाच, पण दुसऱ्या कोणाचं पत्र आहे असं समजून वाच. चिडलेल्या माणसाचा कॉल तुझ्याकडे येतो, तू ऐकून घेतेस, आणि शेवटी त्याचं म्हणणं त्याला परत सांगतेस. हे तू अर्ध्या वाक्यात उडवून लावलंस. यात नेमकं काय काय होतं बघ. समोरचा ओरडत असतो, त्यातला निम्मा राग तुझ्यावर नसतोच, पण आवाज तुझ्याच कानात येत असतो, आणि तरी तू मधे तोंड घालत नाहीस, स्वतःची बाजू मांडायला धावत नाहीस. त्याच वेळी तो जे वेडंवाकडं, मागचं पुढचं करून सांगतोय त्यातून तू डोक्यात एक सरळ हकीगत जुळवत असतेस, आधी काय झालं, मग काय, नक्की अडलंय कुठे. आणि मग ती हकीगत तू त्यालाच त्याच्या भाषेत ऐकवतेस, ‘म्हणजे तुम्ही दोनदा तक्रार केलीत, दोन्ही वेळा होईल होईल सांगितलं आणि फोन कोणाचाच आला नाही, बरोबर?’ असं काहीतरी म्हणत असशील. तो ‘हो, बरोबर’ म्हणतो, आणि तिथे आवाज खाली येतो. कारण इतक्या वेळात पहिल्यांदा कोणाला तरी त्याचं कळलेलं असतं.

समुपदेशनाच्या ट्रेनिंगमधे हे मुद्दाम शिकवतात, ऐकलेलं परत मांडून दाखवायचं. लोकांना ते जमायला वेळ लागतो, कारण समोरचा चिडलेला असताना आपलं तोंड बंद ठेवणं फार म्हणजे फार अवघड असतं. आणि तू ते आठ वर्षं करतेयस आणि वर म्हणतेस कोणीही करेल. कोणीही करत असतं तर कॉल तुझ्याकडे कशाला दिला असता गं? ज्याचा कस्टमर होता त्यानेच नसता का मिटवला?

काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात तसं झालंय तुझं. आणि हे तुझ्या एकटीचं नाही, बहुतेकांचं होतं आणि त्याला कारण आहे. जे आपल्याला सहज येतं ते करताना दमायला होत नाही, धडपड दिसत नाही, आणि आपल्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं की ज्यात घाम गाळला तेच खरं कर्तृत्व. त्यामुळे जे न धडपडता होतं ते मोजणीतच धरत नाही आपण. १९९९ मधे डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला, त्याचा अर्धा भाग सगळ्यांना माहीत असतो की ज्यांना कमी येतं ते स्वतःला फार भारी समजतात. दुसरा अर्धा भाग कोणी सांगतच नाही आणि तोच तुझ्या कामाचा आहे. ज्यांना सगळ्यात चांगलं येत होतं, वरच्या पंचवीस टक्क्यांतले, त्यांनी इतरांच्या तुलनेत आपला नंबर खरा होता त्यापेक्षा खाली धरला. का, तर त्यांना वाटलं आपल्याला जमलं म्हणजे सगळ्यांनाच जमलं असणार. मग त्यांना दुसऱ्यांनी सोडवलेले काही पेपर तपासायला दिले, आणि ते बघितल्यावर त्यांनी स्वतःबद्दलचा अंदाज वर नेला. स्वतःचा पेपर तोच होता, उत्तरं तीच होती, फक्त बाकीच्यांचे पेपर डोळ्यांनी बघितले.

तू बाकीच्यांचे पेपर बघितलेलेच नाहीयेस. तुझ्या टीममधले इतर जण चिडलेल्या माणसाशी कसं बोलतात हे तू कधी शांतपणे ऐकलंयस का? कॉलचं रेकॉर्डिंग ऐकायची सोय असते बऱ्याच ठिकाणी, तुमच्याकडे असेल तर परवानगी काढून चार-पाच कॉल ऐक. कोणाला नावं ठेवायला म्हणून मुळीच नको, फक्त फरक कानावर पडू दे. एवढं एक जरी केलंस तरी ‘कोणीही करेल’ हे वाक्य तुझ्या तोंडून परत येणार नाही असं मला खरंच वाटतं.

बघितलंयस ते फक्त त्या एकीचं मीटिंगमधलं बोलणं. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मधे मांडलं होतं की मोजायला पट्टी नसली की माणूस दुसऱ्या माणसांशी तुलना करूनच स्वतःला मोजतो. ते टाळता येत नाही आणि मी टाळ असं सांगणारही नाही. पण तुझी तुलना बघ कशी चाललीय, तिचं सगळ्यात चांगलं जे आहे ते आणि तुझं सगळ्यात कच्चं जे आहे ते, ही दोन शेजारी ठेवून तू स्वतःला नापास करतेयस, दर मीटिंगला. तिच्याकडे चिडलेला कॉल आल्यावर तिचं काय होतं हे तुला माहीत नाही. कदाचित ती तो तुझ्याकडेच देत असेल.

आता आरशाचं. मैत्रिणीने मनापासूनच सांगितलं असणार, तिच्यावर राग धरू नकोस. पण तुला उलट वाटलं यात तुझा काही दोष नाही आणि तू काही बिघडलेली वगैरे नाहीस. २००९ मधे कॅनडातल्या जोअन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं. लोकांना स्वतःबद्दलचं एक चांगलं वाक्य मनात परत परत म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं, आणि ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना त्या वाक्याची जास्त गरज होती, त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. विचार केला तर पटतं. मनात एक म्हणणं ठाम बसलेलं असताना आपण वरून उलटं काहीतरी जोरात बोललो की आतून लगेच उत्तर येतं, ‘कुठे गं, त्या दिवशी काय झालं आठवतं ना’. म्हणजे रोज सकाळी तू स्वतःशी एक भांडण उकरून काढत होतीस आणि रोज हरत होतीस. बंद कर ते.

मग करायचं काय, तर विशेषणं सोडून दे आणि प्रसंग धर. ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर’ हे तुझ्या ऑफिसातले निम्मे लोक लिहीत असणार, आणि ते वाचून ना वाचणाऱ्याला काही कळतं ना लिहिणारीला. विशेषणाशी मन वाद घालतं, ‘मी शांत आहे’ म्हटलं की मन दहा वेळा चिडल्याचे दाखले काढतं. पण ‘मंगळवारी दुपारी अमुक कॉल आला, माणूस ओरडत होता, मी मधे बोलले नाही, फोन ठेवताना तो थँक्यू म्हणाला’ याच्याशी मन काय वाद घालणार, ते झालंय. म्हणून पुढचे दोन आठवडे रोज झोपायच्या आधी फोनच्या नोट्समधे एक प्रसंग लिही. एकच. काय झालं, तू नेमकं काय केलंस, पुढे काय झालं. छान वाटलं, बरं वाटलं असलं काही नको, क्रियापदं लिही, ऐकलं, विचारलं, जुळवलं, समजावलं, थांबवलं. ऑफिसचाच हवा असंही नाही, घरी दोन माणसांमधला अबोला तू मिटवला असशील, कोणाला अवघड फॉर्म भरून दिला असशील, ते पण लिही, कारण माणूस ऑफिसात एक आणि बाहेर दुसरा असा फारसा नसतो. आणि ‘आज काहीच नव्हतं’ असं वाटलं तर तो दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत एकदा डोक्यातून फिरव, कोणीतरी तुला काहीतरी विचारलेलं असतंच.

आणि अजून एक, वाईट प्रसंग आपोआप लक्षात राहतात, चांगले लिहून ठेवावे लागतात. २००१ मधे रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी खूप सारे अभ्यास एकत्र करून हेच मांडलं होतं की वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो, मग ते बोलणं असो, अनुभव असो की नातं असो. त्यामुळे एका मीटिंगमधे आवाज कापला तो तुला तारखेसकट आठवतो आणि मिटवलेले शेकडो कॉल एका गठ्ठ्यात ‘रोजचंच काम’ म्हणून जातात. लिहिणं एवढ्यासाठीच. दोन आठवड्यांनी सगळे प्रसंग एकापाठोपाठ वाचलेस की काही क्रियापदं सारखी सारखी आलेली दिसतील. ती तुझी.

दुसरं काम जरा अवघड वाटेल, पण कर. पाच-सहा माणसांना विचार. मात्र ‘माझ्यात काय चांगलं आहे’ असं विचारू नकोस, त्याने समोरचा बिचारा गोंधळतो आणि ‘तू खूप चांगली आहेस गं’ म्हणून हार्ट पाठवतो आणि आपण होतो तिथेच. असं काहीतरी लिही, ‘मला ऑफिसच्या एका फॉर्मसाठी मदत हवीय. माझी तुला खरंच मदत झाली असा एखादा प्रसंग आठवतो का? मी तेव्हा नेमकं काय केलं होतं? दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.’ प्रसंग माग. मिशिगन विद्यापीठातल्या काही संशोधकांनी हीच पद्धत नीट बांधलेली आहे, आपल्याला ओळखणाऱ्या दहा-वीस जणांकडून असे प्रसंग गोळा करायचे आणि मग त्यात काय समान आहे ते शोधायचं. तुला दहा-वीसची गरज नाही. ऑफिसातले दोन, एखादी जुनी मैत्रीण, घरातलं एक माणूस आणि तुझ्याकडे सिस्टिम शिकून गेलेलं एखादं नवीन पोरगं किंवा पोरगी, त्यांना तर नक्की विचार, ते सगळ्यात मोकळं बोलतात.

उत्तरं येतील तेव्हा तुझी सवय उफाळून येणार, मी आत्ताच सांगते. कोणी लिहील की त्या दिवशी तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं, आणि तू लगेच टाइप करायला लागशील ‘अगं त्यात काय’. थांब. फक्त ‘थँक्यू, हे मला माहीत नव्हतं’ एवढं लिही आणि पाठव. दुसऱ्याने विचार करून लिहिलेलं आपण दोन शब्दांत परत करतो तेव्हा त्यालाही लागतं गं, आपल्याला वाटतं आपण नम्र आहोत, पण त्याच्या नजरेला काही किंमत नाही असंच आपण त्याला सांगत असतो. आणि दोघं-तिघं उत्तरच देणार नाहीत, लोक कामात असतात, त्याचा काही अर्थ काढू नकोस.

एक्सेलबद्दल मुद्दाम वेगळं बोलायचंय कारण इथे बरेच जण फसतात. रिपोर्ट तुला येतो, चूक निघत नाही, लोक कौतुक करतात, मग तीही तुझी ताकद का? माझं मत, नाही. येणं वेगळं आणि ताकद वेगळी. जे आपल्याला येतं पण करून झाल्यावर आपण पिळून निघतो ते फक्त कौशल्य असतं, कष्टाने कमावलेलं, कामाचं, पण त्यावर आयुष्याची मांडणी करू नये. जे करताना वेळ कसा गेला कळत नाही, दमलो तरी बरं वाटतं, आणि कोणी सांगितलं नाही तरी आपण तिकडेच ओढले जातो ती ताकद. मला खात्री आहे की नवीन मुलीला सिस्टिम समजावताना तुझा चहा गार होत असणार आणि तुला पत्ताही नसणार. तेव्हा फॉर्ममधे ‘एक्सेल उत्तम’ हे पहिल्या नंबरवर लिहू नकोस, नाहीतर टीम लीड होऊनही जगातले सगळे रिपोर्ट तुझ्याच पदरात पडतील. तुझ्या नोट्समधे रोजच्या प्रसंगापुढे एक खूण करत जा, हे करून झाल्यावर जीवात जीव आला की जीव गेला. तेवढं पुरे.

बरं, आता समज तुला तुझ्या दोन-तीन ताकदी सापडल्या. इथे बहुतेक जण थांबतात, ऑनलाइन टेस्ट देतात, रिझल्टचा स्क्रीनशॉट काढतात, चार दिवस छान वाटतं आणि मग परत जैसे थे. मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन, ज्यांनी माणसाच्या स्वभावातल्या २४ ताकदींची यादी केली, त्यांनी आणखी दोघांबरोबर २००५ मधे एक प्रयोग छापला. काही लोकांना फक्त आपल्या मुख्य ताकदी ओळखायला सांगितल्या. काहींना सांगितलं की ओळखा आणि आठवडाभर रोज त्यातली एखादी नव्या पद्धतीने, आजवर वापरली नाही तिथे वापरा. पहिल्यांना बरं वाटलं पण ते टिकलं नाही. दुसऱ्यांचं सहा महिन्यांनंतरही टिकून होतं, आणि आठवडा संपल्यावरही जे आपणहून करत राहिले त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे ओळखणं हा निम्मा रस्ता, बाकीचा निम्मा वापरण्यात.

आणि इथे मला तुझ्या मीटिंगचा रस्ता दिसतो. तू त्या सुंदर बोलणाऱ्या मुलीसारखं व्हायचा प्रयत्न करतेयस, पटापट मुद्दे, ठसक्यात आवाज. कशाला? तुला ऐकलेलं जुळवून परत सांगता येतं ना, मग तेच मीटिंगमधे कर. प्रत्येक मीटिंगमधे असं होतंच की चार जण चार दिशांनी बोलतात, वीस मिनिटं जातात आणि कोणालाच कळत नाही नक्की काय ठरलं. तेव्हा तू म्हणायचं, ‘एक मिनिट, मला समजलं ते सांगते. हिचं म्हणणं हे आहे, त्याचं ते आहे, आणि अडलंय ते तारखेवर. बरोबर ना?’ झालं. नवा मुद्दा काढायचा नाही, कोणाला हरवायचं नाही, आयत्या वेळी काही सुचायची गरज नाही, जे बोललं गेलं तेच मांडायचंय आणि ते तू दिवसातून दहा वेळा फोनवर करतेसच. पहिल्या आठवड्यात एकाच मीटिंगमधे एकदाच कर. माझ्या मते टीम लीडचं निम्मं काम हेच असतं, आणि जे पटापट बोलतात त्यांना ते बऱ्याचदा जमत नाही कारण त्यांचं लक्ष स्वतःच्या पुढच्या मुद्द्याकडे असतं.

आवाज कापेल. पहिल्यांदा तरी नक्की कापेल. त्याबद्दल एक गोष्ट माहीत असू दे. आपली धडधड आपल्याला जेवढी जाणवते तेवढी ती समोरच्याला दिसत नाही, पण आपल्याला वाटतं सगळं बाहेर दिसतंय. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मधे भाषण करणाऱ्यांवर प्रयोग केला, काहींना भाषणाआधी हे समजावून सांगितलं की तुमची भीती तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही, आणि ज्यांना हे सांगितलं होतं त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. नुसतं माहीत असल्यामुळे. म्हणून तुला सांगून ठेवलं. कापू दे आवाज, वाक्य पुरं कर.

कॉन्फिडन्स आधी येईल आणि मग मी बोलेन, असं धरून बसलीस तर बसूनच राहशील. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मधे मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमताना बघणं, दुसऱ्याने दिलेला धीर आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था, आणि या सगळ्यांत जोरदार पहिलं, करून बघितल्याचं. मी तुला कितीही धीर दिला तरी तो तिसऱ्या नंबरचा आहे, त्याने तू दारापर्यंत येशील. पुढचं तुझ्या त्या एका वाक्याने होणार.

एक धोकाही सांगते. ताकद अती वापरली की तीच अंगावर येते. जिला सगळ्यांचं ऐकता येतं तिच्याकडे सगळे येतात, आणि तिचं कोणी ऐकत नाही. तू चिडलेले कॉल घेतेस, नवीन लोकांना शिकवतेस, रिपोर्ट पण करतेस, आणि यातलं कागदावर तुझ्या नावावर किती आहे? मला शंका आहे फारसं नाही. तेव्हा पुढच्या वेळी कोणी कॉल ढकलला की घे हवा तर, पण नंतर त्यालाच बोलव आणि तू काय केलंस ते दोन मिनिटांत दाखव, शिकवायला तुला आवडतंच. आणि दिवसातला एखादा तरी कॉल ‘आत्ता नाही जमणार’ म्हणून परत कर. जग बुडत नाही.

आता टिमकीचं. हा प्रश्न तू विचारलास हे मला आवडलं कारण तो खरा आहे. आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं की स्वतःबद्दल बोलायचं नाही, काम बोललं पाहिजे. पण काम बोलत नाही गं, कामाला तोंड नसतं. ज्याने फॉर्म वाचायचाय त्याने तुझे कॉल ऐकलेले नाहीत, तुझ्या टेबलाशी कोण येतं ते बघितलेलं नाही. त्याला माहिती देणं ही टिमकी नव्हे. टिमकी म्हणजे नसलेलं सांगणं किंवा दुसऱ्याला छोटं करून सांगणं, आणि ते तुझ्याच्याने होणारही नाही. तरी कसंसं होत असेल तर विशेषण एकही वापरू नकोस, फक्त काय घडलं ते लिही. चौकटीत असं काहीतरी येऊ शकतं, ‘टीममधल्या इतरांकडे आलेले चिडलेल्या ग्राहकांचे कॉल मी हाताळते. आधी पूर्ण ऐकून घेते, अडचण त्यांच्याच शब्दांत परत मांडते आणि मग उपाय सांगते.’ दुसरी, ‘नवीन येणाऱ्यांना मी स्वतः सिस्टिम शिकवते’, आणि इथे या वर्षी किती जणांना शिकवलं तो आकडा टाक, तो तूच मोज आणि खरा टाक. तिसरी तुझ्या दोन आठवड्यांच्या नोट्समधून येईल, ती मी आत्ता सुचवणार नाही. ‘मेहनती’ हा शब्द यात कुठेच नाही बघ, आणि तरी वाचणाऱ्याला तो दिसतो.

जागा मिळेलच असं मी म्हणणार नाही, ते तुझ्या हातात नाही आणि माझ्या तर नाहीच. नाही मिळाली तर कारण विचार, नीट, लेखी दिलं तर अजून बरं. आणि कच्च्या बाजूंवर पण काम कर, त्या नाहीतच असं समजायचं नाही, फक्त तुझा सगळा वेळ आणि सगळं लक्ष त्यांनाच जाता कामा नये, जसं आत्ता जातंय.

एक मनापासून विचारते. हे ‘मी काहीच नाही’ फक्त फॉर्म भरताना आणि मीटिंगमधे वाटतं, की सकाळी उठल्यापासून वाटतं? झोप, भूक, आवडीच्या गोष्टी यांत बरेच आठवडे बदल झालाय का, कशातच मन लागत नाही असं होतंय का? तसं असेल तर वही-पेन आणि माझं सदर एवढ्यावर थांबू नकोस, एखाद्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोल. तिथे जाण्यात कमीपणा काही नाही, आणि जितक्या लवकर जाशील तितकं हलकं वाटेल. पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण पत्रात सगळं कुठे येतं, म्हणून विचारलं.

फॉर्मची शेवटची तारीख तू लिहिलेली नाहीस. दोन आठवडे हातात असतील तर उत्तम, नसतील तर मागच्या दोन महिन्यांतले प्रसंग आज रात्रीच आठवून लिही, कॅलेंडर आणि जुने मेल चाळलेस की भराभर आठवतील. झाले की त्यातले तीन-चार मला पाठव, नावं काढून पाठव, वाक्यं बसवायला मी मदत करते.